बोटीचं नाव माहितीये, पण जायचं कुठल्या गेटला?

गेल्या अंकात आई-बाबांना घेऊन क्रूझला जाण्याबद्दल लिहिलं तेव्हा वाटलं होतं की प्रश्न येतील ते जेवणाचे, व्हिसाचे, नाहीतर बोट लागते का ह्याचे. पण बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आली, बंदरावर नेमकं जायचं कुठे आणि गाडी ठेवायची कुठे. मी साउथहॅम्प्टनजवळ राहते, पाहुण्यांना सोडायला-आणायला वर्षातून चार-पाच वेळा तरी धक्क्यावर जाणं होतं, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे आणि उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही स्लावला राहतो. जूनमध्ये सासू-सासरे कोल्हापूरहून येतायत आणि आम्ही सगळे साउथहॅम्प्टनहून सात रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. मैत्रीण मागच्या वर्षी ह्याच बोटीने गेली होती, ती म्हणते ओशन टर्मिनल. आमच्या बुकिंगच्या ईमेलमध्ये नुसतं साउथहॅम्प्टन लिहिलंय. नॅव्हिगेशनला "साउथहॅम्प्टन पोर्ट" टाकून निघालो तर चालेल ना? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही त्यांना.

नाही चालणार, आणि बरं झालं आधी विचारलंत. साउथहॅम्प्टनला क्रूझची एक-दोन नाही, पाच टर्मिनल आहेत. पूर्वेकडच्या गोदीत दोन, क्वीन एलिझाबेथ टू आणि ओशन. पश्चिमेकडच्या गोदीत तीन, सिटी, होरायझन आणि मेफ्लॉवर. पूर्वेच्या टोकाचं क्वीन एलिझाबेथ टू आणि पश्चिमेचं मेफ्लॉवर ह्यांच्यात रस्त्याने अडीच मैलांच्या आसपास अंतर आहे आणि मधे शहराचा सगळ्यात गजबजलेला भाग येतो. सोमवारी सकाळी हे अंतर काहीच नाही, पण शनिवारी दुपारी तिथेच वेस्ट क्वे मॉलची आणि आयकियाची गर्दी, आणि त्यात बंदरात तीन-चार मोठ्या बोटी लागलेल्या असल्या की तेवढ्यासाठी पाऊण तास जाऊ शकतो, गाडीत मागे सासूबाई घड्याळ बघतायत आणि पुढे तुम्ही सिग्नलला.

आता मैत्रिणीचं. ती खरंच ओशनवरून गेली असेल, तिचं चुकलेलं नाही. पण टर्मिनल हे बोटीला बांधलेलं नसतं, ते त्या त्या दिवसाच्या फेरीला दिलेलं असतं. त्या दिवशी बंदरात कुठल्या बोटी आहेत, किती लांबीच्या आहेत, कुठला धक्का मोकळा आहे, ह्यावरून ठरतं. क्वीन मेरी टू सारखी प्रसिद्ध बोटसुद्धा एका फेरीला एका टर्मिनलवर तर दुसऱ्या फेरीला दुसऱ्यावर लागते. कुठल्या कंपनीच्या बोटी सहसा कुठे लागतात ह्याचा अंदाज असतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन निघताना अंदाजावर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

त्यामुळे बुकिंगचा ईमेल बाजूला ठेवा. ऑनलाइन चेक-इन झालं की जो बोर्डिंग पास निघतो, त्याच्यासोबतच बॅगांना लावायचे टॅग पण येतात बघा, त्या कागदावर टर्मिनलचं नाव आणि पोचायची वेळ असते. बंदर चालवणारी एबीपी ही कंपनी आपल्या साइटवर कुठल्या तारखेला कुठली बोट कुठल्या टर्मिनलला ह्याचं वेळापत्रक टाकते, तेही बघा. आणि हे दोन्ही एकदा आठवडाभर आधी आणि एकदा निघायच्या आदल्या संध्याकाळी बघा, कारण शेवटच्या दिवसांत बदल होतात आणि तो बदल कळवणारा ईमेल स्पॅममध्ये पडलेला मी स्वतः एका पाहुण्यांच्या फोनमध्ये शोधून काढलाय.

टर्मिनल कळलं की पुढचं नाव लक्षात ठेवायचं ते डॉक गेटचं. साउथहॅम्प्टनमध्ये पाट्या ह्या गेटच्या नंबरावर चालतात. ओशन आणि क्वीन एलिझाबेथ टू दोन्हीला डॉक गेट ४. सिटीला ८. मेफ्लॉवरला १०. होरायझन सिटीच्या शेजारीच आहे, तिथे जाताना तुमच्या कागदावर जो गेट नंबर छापलाय तोच धरा. अजून एक खूण सांगते, पोस्टकोड एसओ१४ ने सुरू होत असेल तर पूर्वेची गोदी, एसओ१५ असेल तर पश्चिमेची. फक्त पोस्टकोडवर गाडी हाकू नका, गोदीतले पोस्टकोड लांबच लांब पसरलेले आहेत आणि नॅव्हिगेशन तुम्हाला कुंपणाच्या भलत्याच बाजूला नेऊन "पोचलात" म्हणून सांगतं. टर्मिनलचं पूर्ण नाव टाका आणि शेवटचे दोन मैल फोनकडे कमी, पाट्यांकडे जास्त बघा.

स्लावहून तुम्ही एम३ ने येणार. मग एम२७ ला पश्चिमेकडे वळायचं, जंक्शन ३ ला एम२७१, आणि तिथून ए३३ ने शहरात. ह्या रस्त्याने येताना गेटचे नंबर उतरत्या क्रमाने लागतात, आधी २०, मग १०, मग ८, आणि मग टाउन क्वे ह्या रस्त्यावरून पुढे गेलात की ४. गेट २० हे कंटेनर आणि मालाचं आहे, तिथे मोठमोठे ट्रक वळताना दिसले की लोकांना वाटतं आलं बंदर आणि तेही वळतात. वळू नका, सरळ पुढे या. टाउन क्वेजवळ दुसरा एक फसवा प्रकार आहे, तिथून आयल ऑफ वाइट बेटावर जाणाऱ्या रेड फनेल कंपनीच्या फेरीबोटी सुटतात आणि त्यांच्या जागांनाही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशीच नावं आहेत. पहिल्या वर्षी मी माझ्या आईला सोडायला निघाले आणि त्या फेरीबोटीच्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, पुढे गाडी मागे गाडी, निघता येईना, आई काहीच बोलली नाही पण तिने पर्समधला जपाचा मणी काढला तो मला अजून आठवतो. इथे क्रूझच्या टर्मिनलना नंबर नाहीत, नावं आहेत. पाटीवर टर्मिनल १ किंवा टर्मिनल २ दिसलं तर ती रांग तुमची नाही.

सासऱ्यांसाठी व्हीलचेअरची मदत बोटीच्या कंपनीला आधीच कळवून ठेवा, बुकिंगमध्ये तशी नोंद करतात. आणि टर्मिनलच्या दारात गाडी थांबवून आधी त्यांना आणि मोठ्या बॅगांना उतरवा, पोर्टर बॅगा घेतात आणि त्या थेट केबिनपर्यंत येतात, पण कधीकधी संध्याकाळी उशिरा येतात. म्हणून औषधं, चष्मा, पासपोर्ट, एक शाल हे हातातल्या पिशवीतच. बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि रात्री नऊपर्यंत बॅग आलीच नाही हे आमच्याकडे झालेलं आहे.

आणि हो, वेळ. तुम्हाला दिलेल्या वेळेच्या खूप आधी जाऊन उपयोग नसतो. सकाळी आधीच्या फेरीचे प्रवासी उतरत असतात, हजारो माणसं त्यांच्या बॅगा, त्यांच्या टॅक्सी, आणि त्याच दारात तुम्ही. ११ ची वेळ दिली असेल तर ११ ला जा, ९ ला नाही.

प्रश्न : बंदराच्या आतलं पार्किंग महाग वाटतं. बाहेरच्या कंपन्या निम्म्या पैशांत "मीट अँड ग्रीट", म्हणजे दारातच किल्ली घेऊन गाडी लावायची सोय, देतात. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्वस्त कंपनीला गाडी दिली, परत आलो तर मीटरवर ४० मैल जास्त आणि सीटवर कोणाच्यातरी चिप्सचा चुरा. तक्रारीला उत्तरच नाही. आता काय करावं? — लेस्टरहून एक वाचक

दादा, वाचूनच वाईट वाटलं. घामाच्या पैशाची गाडी असते आणि आपण विश्वासाने किल्ली देतो.

साउथहॅम्प्टनला पार्किंगचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला, टर्मिनलच्या दारात गाडी थांबवायची, किल्ली अधिकृत माणसाकडे द्यायची, तो गाडी गोदीच्या आतल्या कुंपणात नेऊन लावतो आणि परत याल तेव्हा किल्ली तिथेच मिळते. दुसरा, तुम्ही स्वतः बंदराच्या आत गाडी लावता, चालत किंवा बसने टर्मिनलला येता. तिसरा, शहरात कुठेतरी बाहेर, आणि तिथून मिनीबस. पहिल्या दोन प्रकारांत पार्किंगवाली कंपनी ही बोटीच्या कंपनीप्रमाणे आणि टर्मिनलप्रमाणे वेगळी असते, म्हणून मित्राने दिलेल्या लिंकवरून नाही तर तुमच्या स्वतःच्या बुकिंगच्या आतून जी लिंक निघते तिथूनच बुक करा. लोक नेमके इथे चुकतात, पार्किंग घेतलं एका टर्मिनलचं आणि बोट लागली दुसऱ्यावर, मग फोनाफोनी. बुकिंग फेरीच्या नावावर असेल तर टर्मिनल बदललं तरी पार्किंगवाल्यांना ते कळतं, नुसतं तारखेवर असेल तर तुम्हालाच कळवावं लागतं. पैसे भरायच्या आधी हा एकच प्रश्न विचारा, टर्मिनल बदललं तर काय?

आणि पैसे मोजायच्या आधी तुमच्या तिकिटाचा प्रकार बघा. काही भाड्यांमध्ये पार्किंग किंवा बोटीवर खर्चायचे पैसे ह्यातलं एक निवडता येतं आणि आपले लोक घाईघाईत दुसरं निवडतात, मग आठवडाभराच्या पार्किंगला खिशातून जातात.

बाहेरच्या सगळ्याच कंपन्या वाईट नाहीत, मी स्वतः दोनदा वापरल्यात. पण निळ्या रंगाचं पार्क मार्कचं चिन्ह आहे का बघा, ती इथल्या पार्किंग असोसिएशनने पोलिसांच्या साथीने चालवलेली योजना आहे, आणि ते चिन्ह कंपनीला नाही तर त्या विशिष्ट कार पार्कला मिळतं. म्हणजे साइटवर चिन्ह आहे पण तुमची गाडी खरंच त्याच जागेत राहणार आहे का हे लेखी विचारा. जागेचा पत्ताच सांगत नसतील तर नको. चाळीस-पन्नास पाउंड वाचतात पण आठ दिवस बोटीवर बसून गाडीची काळजी करायची असेल तर त्या वाचलेल्या पैशाचं काय करायचं, मला तरी ते पटत नाही.

किल्ली देताना दोन मिनिटं काढा. मीटरचा फोटो, पेट्रोलच्या काट्याचा फोटो, चारी बाजूंनी गाडीचा व्हिडिओ, आणि शक्य असेल तर त्या माणसाच्या समोर काढा, त्याला राग येत नाही, चांगल्या कंपनीचे लोक तर स्वतःच काढतात. घराची किल्ली त्याच जुडग्यात असते ती आधी काढून घ्या, गाडीतला घरचा पत्ता लिहिलेला कागदसुद्धा. हे सगळं तुम्हाला मागच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर तक्रारीला पुरावा तरी राहिला असता.

अजून एक, तारीख. सप्टेंबरमध्ये मेफ्लॉवर पार्कात मोठा बोट शो भरतो, दहा दिवसांच्या आसपास चालतो, आणि ते पार्क सिटी टर्मिनल आणि टाउन क्वेच्या मधेच आहे. नाव मेफ्लॉवर असलं तरी मेफ्लॉवर टर्मिनल तिथे नाही, ते बरंच पश्चिमेला आहे, हा गोंधळ पण होतो. त्या दिवसांत फेरी असेल तर एक तास जास्त धरा. लेस्टरहून येताय म्हणजे सकाळी लवकर निघावं लागणार, जमत असेल तर आदल्या रात्री इथेच या, काही हॉटेलं मुक्कामासोबत पार्किंगही देतात.

प्रश्न : आम्ही नाशिकचे, दोघेही सत्तरीच्या पुढे. एजंटने "लंडन ते नॉर्वे" क्रूझ विकली. हीथ्रोला उतरल्यावर बंदर किती लांब? टॅक्सीवाल्याला नुसतं लंडन क्रूझ टर्मिनल सांगितलं तर नेईल का?

काका-काकू, आधी तिकीट हातात घ्या आणि लंडन ह्या शब्दाच्या पुढे कंसात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा तिथे साउथहॅम्प्टन असतं. ते लंडनपासून साधारण ८० मैल लांबचं वेगळं शहर आहे. कधी डोव्हर असतं, कधी टिलबरी, आणि तिन्ही तीन वेगळ्या दिशांना. रोम म्हणून विकतात तेव्हा बोट चिविटावेकियाहून सुटते, तेही रोमपासून ७० किलोमीटरच्या वर. एजंट फसवतात असं नाही, मोठ्या शहराचं नाव लोकांना ओळखीचं असतं म्हणून तसं छापतात, पण त्याची जबाबदारी शेवटी प्रवाशावर येते आणि सत्तरीत ती येऊ नये.

साउथहॅम्प्टन असेल तर हीथ्रोहून थेट कोच बस मिळते, तुमच्यासाठी मला तीच सोयीची वाटते, बॅगा एकदाच चढवायच्या एकदाच उतरवायच्या. ट्रेनने यायचं तर लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून, सव्वा तासाच्या आसपास. उतरायचं साउथहॅम्प्टन सेंट्रलला. त्याच्या आधी साउथहॅम्प्टन एअरपोर्ट पार्कवे नावाचं स्टेशन लागतं, नाव ऐकून लोक उठतात, तुम्ही बसून राहा. सेंट्रलच्या बाहेर टॅक्सी उभ्या असतात, त्यांना टर्मिनलचं नाव आणि गेट नंबर सांगायचा, तोंडी नाही तर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद दाखवायचा. एकेकाळी वॉटर्लूहून बोट ट्रेन थेट जुन्या ओशन टर्मिनलच्या आत यायची, तशीच आपल्याकडे १९२८ पासून फ्रंटियर मेल बॅलार्ड पियरच्या स्टेशनातून निघायची, विलायतेहून उतरलेला माणूस बोटीवरून गाडीत. आता मधला तेवढा टप्पा आपला आपण करायचा.

आणि नॉर्वे म्हणजे शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. ब्रिटनच्या व्हिसावर नॉर्वेच्या धक्क्यावर उतरता येत नाही, आणि व्हिसा नसेल तर बोटीवर चढूच देत नाहीत. आजच एजंटला फोन करा.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहितेय. मुलांनी मायामीची क्रूझ बुक केली, आता कागदावर पोर्ट एव्हरग्लेड्स दिसतंय. मायामीला गाडी लावली तर जवळ आहे का?

अजिबात नाही. पोर्ट एव्हरग्लेड्स हे फोर्ट लॉडरडेलचं बंदर, मायामीच्या बंदरापासून २५ मैलांच्या वर. तिकडे फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ बंदराला चिकटूनच आहे, म्हणून विमानाने येत असाल तर तिथेच उतरा. टर्मिनलना तिथे नंबर आहेत आणि ते सलग नाहीत, २ आणि ४ उत्तरेला, १८ पासून पुढचे बरेच खाली. गॅरेज निवडताना तुमच्या नंबराच्या जवळचं निवडा.

पुढे कधी खरंच मायामी आली तर तिथे सगळं बंदर एका बेटावर आहे, टर्मिनलना अक्षरं आहेत. डाउनटाउनमधून पूल आहे, आणि २०१४ मध्ये उघडलेला समुद्राखालचा बोगदा आहे, त्याला टोल नाही. विमानतळाकडून हायवेने येणाऱ्याला बोगदा बरा, शहरातले सिग्नल वाचतात. पण बोगद्यात शिरायच्या आधी कुठल्या अक्षराला जायचं ते पक्कं असू द्या, कारण बाहेर पडल्या पडल्या लेन फुटतात आणि विचार करायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीकर. मुंबईहून गोव्याची क्रूझ घेतलीय. भाऊचा धक्का की गेटवे? गाडी न्यावी का?

दोन्ही नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची गाड्याही नेणारी रो-रो बोट, मोरा, रेवस. गेटवेवरून एलिफंटा. मोठी क्रूझ सुटते ती बॅलार्ड पियरवरून, इंदिरा डॉकमधून. तिथल्या नवीन मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, एका वेळी पाच बोटी लागू शकतील एवढं मोठं. जुन्या पिढीतल्या कोणाला विचारलंत तर ते भाऊचा धक्काच सांगतील, कारण कोकणबोटी तिथूनच सुटायच्या आणि त्यांच्या मनात गोव्याची बोट म्हणजे तोच धक्का. त्यांचं ऐकून टॅक्सी तिकडे नेऊ नका, टॅक्सीवाल्याला बॅलार्ड पियर, ग्रीन गेट असं सांगा.

गाडीचं म्हणाल तर नवीन टर्मिनलमध्ये तीनशेच्या वर गाड्यांचं पार्किंग केलंय, पण बोटीवर माणसं हजाराच्या वर असतात, हिशोब तुम्हीच करा. चार दिवस गाडी ठेवता येईल का आणि आधी जागा धरता येईल का हे क्रूझ कंपनीला फोन करून लेखी घ्या. मला विचाराल तर डोंबिवलीहून गाडी आणूच नका. दुपारची लोकल पकडा, गर्दीची वेळ टाळून सीएसएमटीला उतरा, तिथून टॅक्सीने दहा मिनिटं. परतीच्या दिवशी मात्र बोट सकाळी लागते आणि तेव्हा सगळे एकदमच टॅक्सी शोधतात, म्हणून कोणीतरी एकाने सामान घेऊन सावलीत थांबायचं आणि दुसऱ्याने बॅलार्ड इस्टेटच्या मुख्य रस्त्यापर्यंत चालत येऊन टॅक्सी आत आणायची.

गोव्याला उतरणार तेही पणजीला नाही, मुरगाव बंदरात, वास्कोजवळ. फोनवर "गोवा क्रूझ" शोधलं की मांडवी नदीतल्या संध्याकाळच्या बोटी आणि पणजीची जेटी येते, तिकडे नातेवाइकांना घ्यायला बोलावू नका, मुरगाव सांगा आणि कुठल्या गेटबाहेर थांबायचं ते बोटीवरच्या रिसेप्शनला आदल्या रात्री विचारून त्यांना मेसेज करा.